तुमची आवड, त्यांची वही: डिजिटल सेवा आणि खासगीपणाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर, इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज या भागातून पुन्हापुन्हा येणारे प्रश्न इथं एकत्र केले आहेत. सोपे आधी, अडचणीचे नंतर. दुकानदार, क्लासचालक आणि ॲप बनवणाऱ्यांनी १३व्या प्रश्नापासून वाचलं तरी चालेल. फोनच्या मेनूतली नावं कंपनीगणिक थोडी बदलतात. इथं दिलेलं नाव सापडलं नाही, तर सेटिंग्जमध्ये वर असलेल्या शोधपट्टीत तोच शब्द टाकून बघा.

१. 'पर्सनलाइज्ड' सेवा म्हणजे काय? त्यांना माझी नेमकी कोणती माहिती लागते?

यूट्यूब उघडलं की एकाला कुस्तीची मैदानं दिसतात, दुसऱ्याला रांगोळ्या. यामागं माहितीचे तीन थर असतात. पहिला तुम्ही स्वतः दिलेला: नाव, नंबर, जन्मतारीख, पत्ता. दुसरा तुमच्या वागण्यातून साचलेला: काय शोधलं, कुठं थांबलात, कोणता व्हिडिओ अर्ध्यात सोडला, रात्री किती वाजता फोन हातात होता. तिसरा अंदाजाचा. आठवडाभर सोन्याचा दर, शालू आणि कार्यालयाचं भाडं शोधलं की तुमच्या नावापुढं 'घरात लग्न' असा शिक्का बसतो. तो चुकीचाही असू शकतो. पहिला थर तुम्हाला ठाऊक असतो, दुसऱ्याची कल्पना असते, तिसरा सहसा दिसत नाही, आणि जाहिरातीचा धंदा मुख्यतः त्यावर चालतो.

तुम्हाला कुठला काठ आवडतो हे महाद्वार रोडवरच्या साडीवाल्यालाही माहीत असतं. पण त्याची वही त्याच्या गल्ल्याजवळ राहते. डिजिटल सेवेत एकाची वही दुसऱ्याच्या वहीला जोडली जाते, आणि जोडणारा दोरा बहुतेक वेळा तुमचा मोबाईल नंबर, ईमेल किंवा फोनचा जाहिरात क्रमांक (ॲप्सना जाहिरातींसाठी तुमचा फोन ओळखता यावा म्हणून फोनला दिलेला) असतो. खालचे बरेचसे उपाय हा दोरा तोडण्याचे आहेत. सेवा सोडून द्यावी लागत नाही.

२. माझ्याकडं लपवण्यासारखं काही नाही. मग एवढा कुटाणा कशाला?

लपवण्याचं राहू द्या, फसवणुकीचं बघा. 'तुमचं पार्सल अडकलंय' असा फोन रोज येतो आणि आपण तो कापतो. पण समोरच्याला तुम्ही काय मागवलं, किती पैसे दिले, पत्त्यात कुठली खूण लिहिली हे माहीत असेल, तर शहाणासुरता माणूसही ओटीपी सांगून बसतो. फुटलेली माहिती फसवणाऱ्याच्या तोंडात ओळखीची भाषा घालते.

दुसरं असं की तुमच्या फोनमध्ये फक्त तुमची माहिती नसते. संपर्कयादी दिली की पाचशे जणांचे नंबर गेले, त्यांना कुणी विचारलेलंही नसतं. आणि कायद्याच्या बाजूनं बघायचं तर खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठानं २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला आहे. तो हक्क वापरण्यासाठी लपवण्यासारखं काही असावं लागत नाही.

३. रंकाळ्यावर मित्राशी फ्रिजबद्दल बोललो आणि घरी येईपर्यंत फ्रिजची जाहिरात! फोन आपलं बोलणं ऐकतो ना?

सर्वांत जास्त वेळा येणारा प्रश्न हाच. अमेरिकेतल्या नॉर्थईस्टर्न विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये १७,२६० अँड्रॉइड ॲप्स तपासली. गुपचूप आवाज टिपून बाहेर पाठवणारं एकही सापडलं नाही. काही ॲप्स मात्र स्क्रीनवर काय चाललंय याची चित्रं बाहेर पाठवत होती, ही बाब जास्त काळजीची.

मग जाहिरात येते कशी? तुमच्या मित्रानं आदल्या रात्री फ्रिजचे दर पाहिलेले असतात. दोघांचे फोन तासभर एकाच ठिकाणी असतात, किंवा घरी एकाच वायफायवर येतात. दोघांकडं एकमेकांचे नंबर असतात. एवढ्यावरून 'हे दोघं जवळचे, एकाला हवं ते दुसऱ्यालाही दाखवा' हा अंदाज बांधता येतो. उन्हाळ्याच्या तोंडावर फ्रिजच्या जाहिराती तशाही सगळ्यांना जातात, आणि न जुळलेल्या शेकडो जाहिराती आपल्या लक्षात राहत नाहीत.

तरी खात्री करून घ्या. अँड्रॉइड १२ किंवा त्यानंतरच्या फोनवर माइक किंवा कॅमेरा चालू असताना वरच्या कोपऱ्यात हिरवी खूण येते. आयफोनवर माइकसाठी केशरी आणि कॅमेऱ्यासाठी हिरवा ठिपका असतो. अँड्रॉइडच्या प्रायव्हसी डॅशबोर्डमध्ये कोणत्या ॲपनं माइक केव्हा वापरला ते वेळेसकट दिसतं. कॅल्क्युलेटर किंवा टॉर्चचं नाव तिथं दिसलं तर ते ॲप लगेच काढून टाका.

४. माझ्याकडं अर्धा तास आहे. आधी काय करू?

याच क्रमानं करा. वरच्या कामांनी जास्त फरक पडतो.

१) जाहिरात क्रमांक पुसा. अँड्रॉइडवर सेटिंग्ज, गूगल, ॲड्स, डिलीट ॲडव्हर्टायझिंग आयडी. त्यानंतर ॲप्सना तुमच्या क्रमांकाऐवजी नुसती शून्यांची माळ मिळते. आयफोनवर सेटिंग्ज, प्रायव्हसी अँड सिक्युरिटी, ट्रॅकिंग इथं जाऊन ॲप्सना विचारायची परवानगीच बंद करा. जाहिराती येत राहतील, फक्त वेगवेगळ्या ॲप्समधलं तुमचं वागणं या क्रमांकानं एकत्र बांधता येणार नाही.

२) गूगल खात्यात 'डेटा अँड प्रायव्हसी' उघडा. 'वेब अँड ॲप ॲक्टिव्हिटी' आणि यूट्यूब हिस्टरी, दोन्हींना ऑटो-डिलीट लावा. ३, १८ आणि ३६ महिने असे पर्याय मिळतात. ३ महिने निवडा, शिफारशींना तेवढं पुरतं.

३) फेसबुक-इन्स्टाग्रामच्या अकाउंट्स सेंटरमध्ये 'युवर ॲक्टिव्हिटी ऑफ मेटा टेक्नॉलॉजीज' शोधा. इतर दुकानं आणि ॲप्स तुमच्याबद्दल मेटाला काय कळवतात याची यादी तिथं असते. आधी ती वाचा, मग जुनं पुसा आणि पुढची जोडणी तोडा.

४) परमिशन मॅनेजरमध्ये लोकेशन, कॉन्टॅक्ट्स, माइक, एसएमएस हे चार विभाग तपासा (प्रश्न ५).

५) व्हॉट्सॲपमध्ये 'लिंक्ड डिव्हाइसेस' पाहा. कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर प्रिंटसाठी उघडलेलं खातं महिनोन्महिने तसंच चालू राहिलेलं असू शकतं. मग बॅकअपचं एन्क्रिप्शन, म्हणजे साठवलेल्या प्रतीचं कुलूप, चालू करा. गप्पा जाता-येता सुरक्षित असतात, पण ते चालू केलं नसेल तर 'क्लाउड'वर, म्हणजे इंटरनेटवर साठवलेल्या प्रतीला ते कुलूप नसतं. पासवर्ड विसरलात तर तो बॅकअप व्हॉट्सॲपलाही उघडता येत नाही, तेव्हा कागदावर लिहून कपाटात ठेवा.

५. परवानगी नाकारली की ॲप बंद पडतं. मग काय करायचं?

बहुतेक ॲप्स नुसती कुरकुर करतात आणि चालतात. आधी नाकारा, अडलं तरच द्या.

लोकेशनला तीन पायऱ्या आहेत: नेहमी, ॲप वापरत असताना, दर वेळी विचारून. 'नेहमी' ही परवानगी घरच्यांना ठावठिकाणा कळवण्यासारख्या मोजक्या कामांनाच लागते. अँड्रॉइड १२ पासून 'अंदाजे' लोकेशनही देता येतं. त्यात साधारण ३ चौरस किलोमीटरच्या टापूत तुम्ही कुठंतरी आहात एवढंच कळतं. रिक्षा बोलावणाऱ्या ॲपला तुम्ही बिंदू चौकात कुठल्या बाजूला उभे आहात हे कळायला हवं. हवामानाच्या ॲपला नको, राजारामपुरीचा आणि शाहूपुरीचा पाऊस काही वेगळा नसतो.

फोटोंसाठी 'निवडक फोटो' हा पर्याय घ्या. संपर्कयादी मात्र निरोप किंवा कॉल करणारी ॲप्स सोडून कुणालाच देऊ नका. एसएमएसची परवानगी त्याहून धोक्याची, कारण बँकेचे सगळे निरोप आणि ओटीपी तिथंच येतात. ओटीपी आपोआप भरला जाण्यासाठी पूर्ण एसएमएस वाचायची परवानगी लागतेच असं नाही. तो एक निरोप तेवढा देण्याची सोय अँड्रॉइडमध्ये आहे. तरीही ॲप अडून बसलं, तर ओटीपी हातानं टाका.

६. इनकॉग्निटो वापरलं की कुणाला काही कळत नाही ना?

इनकॉग्निटो म्हणजे ब्राउझरची खासगी खिडकी. तुमच्या फोनवर नोंद राहत नाही, एवढंच. ज्या संकेतस्थळावर गेलात त्याला, इंटरनेट देणाऱ्या कंपनीला आणि ऑफिसचं वायफाय असेल तर ऑफिसला कळू शकतं. आत जाऊन गूगल किंवा फेसबुकला लॉगइन केलं की तेवढाही अर्थ उरत नाही. दुसऱ्याच्या संगणकावर निकाल किंवा तिकीट बघायला मात्र जरूर वापरा.

७. शिफारशी चांगल्या हव्यात, पण पाळत नको. दोन्ही जमतं का?

बऱ्याच अंशी जमतं. यूट्यूबची हिस्टरी पूर्ण बंद करून पुसली तर मुख्य पान जवळजवळ रिकामं दिसतं, आणि वैतागून लोक ती पुन्हा चालू करतात. त्यापेक्षा ऑटो-डिलीट ठेवा (प्रश्न ४), आणि आजारपण, कर्ज, घरगुती भांडण असलं काही शोधण्याआधी तेवढ्यापुरती हिस्टरी थांबवा. नको असलेल्या व्हिडिओच्या तीन टिंबांवर जाऊन 'नॉट इंटरेस्टेड' म्हणा. इन्स्टाग्रामवर सगळ्या शिफारशी पुसून नव्यानं सुरू करण्याची सोयही आहे.

एकाच फोनवर आजोबांचं कीर्तन, पोराची कार्टून आणि तुमच्या तालमीच्या रील्स चालत असतील, तर शिफारशींची भेळ होते आणि एकाची आवड दुसऱ्याला दिसते. स्मार्ट टीव्हीवर तर हमखास. प्रत्येकाचं वेगळं प्रोफाइल करा. दोन मिनिटांचं काम आहे.

८. दुकानात बिल करताना मोबाईल नंबर मागतात. द्यावाच लागतो का?

नाही. नंबर दिल्याशिवाय बिल न करण्याचा आग्रह धरू नका, अशी सूचना केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये किरकोळ विक्रेत्यांना दिली होती. 'नंबर न टाकता बिल करा' एवढं शांतपणे म्हणा. काउंटरवरचा मुलगा 'सिस्टीम घेत नाही' म्हणाला तर व्यवस्थापकाला बोलवायला सांगा. त्या पोराशी वाद घालून उपयोग नाही, त्याला तसंच शिकवलेलं असतं.

अपवाद आहेत. घरपोच माल, वॉरंटीची नोंदणी, दुरुस्तीला टाकलेली वस्तू यांना संपर्क लागतोच. गुजरीत मोठ्या रकमेचं सोनं घेताना पॅन मागितला जातो, तो करकायद्यामुळं. तिथं दुकानदाराशी हुज्जत घालू नका. पण पॅन दिला म्हणून जाहिरातीचे निरोप पाठवायची मुभा दिली असं होत नाही.

आणखी एक गोष्ट सुटते. क्यूआर स्कॅन करून पैसे दिले की यूपीआय आयडी समोर जाऊ शकतो, आणि अनेकांच्या आयडीत मोबाईल नंबरच असतो. पेमेंट ॲपमध्ये नंबर नसलेला दुसरा आयडी तयार करून तो मुख्य ठेवा.

९. लॉजवर, सिमकार्डाला, भाडेकराराला, सगळीकडं आधारची झेरॉक्स मागतात. काय द्यावं?

शक्य तिथं आधार देऊच नका. वाहन परवाना किंवा मतदार ओळखपत्र चालत असेल तर ते द्या. आधारच द्यायचं असेल तर मास्क्ड आधार उतरवून घ्या. त्यात पहिले ८ अंक झाकलेले असतात, शेवटचे ४ दिसतात. माय-आधार संकेतस्थळावर डाउनलोड करताना तसा पर्याय येतो. ऑनलाइन पडताळणीसाठी १६ अंकी व्हर्च्युअल आयडी वापरता येतो. तो हवा तेव्हा बदलता येतो आणि त्यावरून मूळ क्रमांक काढता येत नाही. कागदी प्रतीवर तारीख, कुणाला दिली आणि कशासाठी हे आडव्या रेघेत, फोटोवरून जाईल असं लिहा.

बोटांच्या ठशांवर पैसे काढण्याची सोय वापरत नसाल तर बायोमेट्रिक लॉक करून ठेवा. लागेल तेव्हा थोड्या वेळासाठी उघडता येतं. रेशन दुकानात ठसा जुळत नाही म्हणून जी रांग अडते, त्यात कधीकधी कारण हेच असतं. घरी वडीलधाऱ्यांचं लॉक केलं असेल तर त्यांना तसं सांगून ठेवा. झेरॉक्सवाल्याला व्हॉट्सॲपवर पाठवलेली फाइल त्याच्यासमोरच त्याच्या संगणकावरून पुसायला लावा. यात लाजण्यासारखं काही नाही.

१०. कर्जाच्या ॲपनं माझ्या नातेवाइकांना फोन केले. नंबर कुठून मिळाले?

ॲप टाकताना तुम्ही 'अलाउ' दाबलंत तेव्हा. रिझर्व्ह बँकेच्या डिजिटल कर्जाबद्दलच्या नियमांनुसार (पहिल्यांदा सप्टेंबर २०२२ मध्ये आलेल्या) कर्ज ॲपला संपर्कयादी, कॉलची नोंद, फाइल्स आणि फोटो यांकडं हात लावता येत नाही. कॅमेरा, माइक आणि लोकेशन फक्त सुरुवातीच्या ओळखपडताळणीपुरतं, एकदाच, तुमच्या संमतीनं. म्हणजे संपर्कयादी मागणारं कर्ज ॲप तिथल्या तिथं नियम मोडत असतं. ओळखण्याची याहून सोपी खूण नाही.

झालं असेल तर परवानगी काढा, धमक्यांचे स्क्रीनशॉट घ्या, ॲपचं पान आणि व्यवहाराचे क्रमांक टिपून ठेवा, मगच ॲप काढा. आधी काढलंत तर पुरावा जातो. पुढचं प्रश्न १६ मध्ये. नातेवाइकांना आपणच आधी एक निरोप टाका. धमकीची निम्मी धार तिथंच जाते.

११. यासाठी कायदा आहे का? आजच्या घडीला तो कितपत लागू आहे?

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले. अंमलबजावणी टप्प्याटप्प्यानं आहे. तक्रारींसाठीच्या मंडळाची तरतूद लगेच, संमती-व्यवस्थापकांची (तुमच्या वतीनं संमत्या सांभाळणारे मध्यस्थ) वर्षभरानं, आणि संमती, माहिती पुसणं, माहितीफुटीची सूचना वगैरे कंपन्यांवरच्या मुख्य जबाबदाऱ्या १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ पासून. तोवर माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ४३-अ आणि २०११ चे नियम चालतात. त्यांचा भर पासवर्ड, बँक, आरोग्य, बायोमेट्रिक अशा संवेदनशील माहितीवर आहे.

नव्या कायद्यात सामान्य माणसाच्या उपयोगाचं बरंच आहे. संमती कशासाठी हे स्पष्ट सांगावं लागेल आणि ती सूचना मराठीत वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. संमती देणं जितकं सोपं, तितकंच मागं घेणंही सोपं हवं. तक्रारीचं निवारण ९० दिवसांच्या आत करावं लागेल. सुरक्षेत हयगय झाली तर दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो.

फटी कुठं आहेत? वहीत शाईनं लिहिलेली उधारी या कायद्यात येत नाही. तीच वही एक्सेलमध्ये उतरवली की येते. तुम्ही स्वतः जगजाहीर केलेली माहिती, समजा 'जुनी बुलेट विकणे आहे' म्हणून फेसबुकवर सगळ्यांना दिसेल असा टाकलेला नंबर, कायद्याच्या बाहेर राहते. सरकारी यंत्रणांना मोठ्या सवलती आहेत. आणि खोटी तक्रार करणाऱ्यालाही १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

१२. मी ॲप काढून टाकलं. माझी माहितीही गेली ना?

नाही. फोनवरून ॲप गेलं, तिकडचं खातं तसंच आहे. आधी ॲपमधूनच खातं बंद करा. ॲप आधीच काढलं असेल तर प्ले स्टोअरमधल्या त्याच्या पानावर 'डेटा सेफ्टी'मध्ये बघा. खातं उघडू देणाऱ्या ॲप्सनी खातं पुसण्याचा वेबदुवा द्यावा असा गूगलचा नियम आहे. 'गूगलनं साइन इन' केलं असेल तर गूगल खात्यातून ती जोडणीही तोडा.

दुवा नसेल तर तक्रार अधिकाऱ्याला असा मजकूर पाठवा: 'या नंबरावरचं माझं खातं बंद करावं, त्याला जोडलेली माहिती पुसावी आणि जाहिरातीच्या यादीतून माझा नंबर काढावा. एखादी माहिती कायद्यानं ठेवावी लागत असेल तर ती कोणती, कोणत्या कायद्यानं आणि किती काळासाठी, ते कळवावं.' शेवटचं वाक्य गाळू नका, कारण गुळमुळीत उत्तर त्याच्यामुळं टळतं.

काही गोष्टी खरंच लगेच जात नाहीत. बिलाच्या नोंदी जीएसटीसाठी वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवाव्या लागतात. बॅकअपमधली प्रत पुढच्या फेरीत जाते. आणि तुमच्या सवयी वापरून शिकलेली यंत्रणा ते शिकलेलं विसरत नाही. म्हणून माहिती मुळात कमी देणं, नंतर पुसण्यापेक्षा स्वस्त पडतं.

१३. आमचं चपलांचं छोटं दुकान आहे. गिऱ्हाइकांना व्हॉट्सॲपवर नवीन माल कळवतो. यात काय चुकतं?

पहिली चूक म्हणजे गिऱ्हाइकांचा ग्रुप. ग्रुप केला की प्रत्येकाचा नंबर सगळ्यांना दिसतो आणि चार दिवसांत कुणीतरी त्यावर कर्जाच्या जाहिराती टाकतो. ब्रॉडकास्ट लिस्ट वापरा. तुमचा नंबर ज्यांनी सेव्ह केलाय त्यांनाच तो निरोप जातो. ही अडचण वाटते, पण ज्याला नको त्याच्यापर्यंत तो पोचतच नाही, हे तुमच्याही सोयीचं.

दुसरी चूक हावरी वही. कोल्हापुरी चपलेसाठी पायाचं माप, पट्टीची आवड आणि नंबर एवढं पुरतं. जन्मतारीख, लग्नाचा वाढदिवस, पूर्ण पत्ता कशाला? जे घेतलंच नाही ते फुटत नाही. वाढदिवसाची सवलत द्यायची हौसच असेल तर नुसता महिना विचारा.

तिसरी चूक शीटची. गूगल शीटचा दुवा 'ज्याच्याकडं लिंक त्याला दिसेल' असा ठेवून पोरांना पाठवला जातो, आणि काम सोडून गेलेल्याकडंही तो राहतो. नावानिशी परवानगी द्या आणि दर दिवाळीला यादी चाळा. दोन वर्षांत न फिरकलेलं गिऱ्हाईक काढून टाका.

काउंटरवर पाटी लावा: 'तुमचा नंबर फक्त नवीन मालाची माहिती देण्यासाठी घेतो. इतर कुणाला देत नाही. नको असल्यास याच नंबरावर "बंद" लिहून पाठवा.' आणि 'बंद' आलं की त्याच दिवशी खरंच काढा.

१४. आम्ही ग्राहकांची नावं काढून, नंबर 'हॅश' करून माहिती जाहिरात कंपनीला देतो. मग ती अनामिक झाली ना?

झाली नाही. हॅश म्हणजे गणिती सूत्रानं नंबराचं केलेलं सांकेतिक रूप; एका नंबराचं रूप दर वेळी तेच येतं. भारतातला मोबाईल नंबर १० अंकी आणि ६ ते ९ यांपैकी एका अंकानं सुरू होतो, म्हणजे फार तर ४०० कोटी शक्यता. साधा हॅश लावला असेल तर चांगल्या ग्राफिक कार्डाचा संगणक सगळ्या शक्यता काही सेकंद-मिनिटांत पडताळून मूळ नंबर काढतो. शिवाय समोरची कंपनी तसाच हॅश तिच्याकडच्या नंबरांना लावून सरळ जोडी जुळवते, कारण तिला तेच हवं असतं. आतल्या कामासाठी ओळख झाकायची असेल तर गुप्त किल्ली वापरणारा हॅश घ्या आणि किल्ली वेगळ्या ठिकाणी ठेवा. त्यालाही अनामिक म्हणू नका, टोपणनाव म्हणा.

नंबर पूर्ण काढला तरी वागण्याचा ठसा उरतो. नेटफ्लिक्सनं २००६ मध्ये सुमारे ४ लाख ८० हजार ग्राहकांची नावं काढून चित्रपटांना दिलेले गुण स्पर्धेसाठी खुले केले. अरविंद नारायणन आणि विताली श्मातिकोव्ह यांनी ते दुसऱ्या संकेतस्थळावरच्या जाहीर अभिप्रायांशी ताडून काही माणसं ओळखता येतात हे दाखवलं, आणि पुढची स्पर्धा २०१० मध्ये रद्द झाली. ठावठिकाण्याचं तर त्याहून सोपं. २०१३ मध्ये १५ लाख लोकांच्या मोबाईल नोंदींच्या अभ्यासात ९५ टक्के माणसं वेगळी ओळखायला वेळ-ठिकाणाच्या फक्त चार नोंदी पुरल्या.

छोट्या गावात हे आणखी तीव्र. 'गारगोटी, स्त्री, ५८ वर्षं, मधुमेहाची औषधं' एवढ्यावर तिथला माणूस नाव सांगेल. अहवालात १० पेक्षा कमी माणसांचा गट आला तर आकडा दाखवू नका, वय पाच-दहा वर्षांच्या पट्ट्यात द्या, गावाऐवजी जिल्हा द्या.

१५. आम्ही ॲप बनवतो. कमी माहितीत शिफारस चांगली कशी ठेवायची?

आधी मोजा. शिफारशीतून नाव, लिंग, जन्मतारीख काढून बघा, फरक किती पडतो ते तपासा. अनेकदा शेवटच्या पाच-दहा कृती आणि हंगाम यांवरच बरंचसं काम भागतं. श्रावणात उपवासाचे पदार्थ आणि लग्नसराईत साज-ठुशी दाखवायला कुणाची कुंडली लागत नाही.

मग हिशेब फोनवरच करा. पूर्ण यादी फोनवर पाठवून क्रम तिथंच लावला तर आवड सर्व्हरवर येतच नाही. काही हजार वस्तूंच्या दुकानाला हे सहज जमतं. मोठ्या पसाऱ्याला फेडरेटेड लर्निंग आहे. गूगलनं २०१७ पासून जी-बोर्ड कीबोर्डात ते वापरलं. शिकवणी फोनवर होते, बाहेर जातो तो फक्त बदलांचा सारांश. डिफरन्शियल प्रायव्हसीत आकड्यांमध्ये मोजूनमापून गोंधळ मिसळतात. लाखो वापरकर्ते असतील तर उत्तम, पण तीन हजारच असतील तर गोंधळात खरा कल बुडतो. त्यांनी सरळ एकत्रित आकडे ठेवावेत आणि कच्च्या नोंदी ठरावीक दिवसांनी पुसाव्यात. मात्र नव्या नियमांत काही नोंदी किमान एक वर्ष ठेवण्याची अट आहे, तेव्हा पुसण्याचं वेळापत्रक वकिलाला दाखवून घ्या.

अठरा वर्षांखालच्यांचा विषय निराळा. कायद्यानं ती मुलंच, त्यांच्यासाठी पालकांची पडताळलेली संमती लागेल, आणि त्यांच्यावर पाळत ठेवून जाहिराती दाखवता येणार नाहीत. शाळांना काही कामांपुरती सूट आहे. तुमच्या क्लासच्या ॲपला ती आपोआप मिळते असं धरून चालू नका. पालकांसाठीही एक सांगणं: खातं चालावं म्हणून मुलाचं वय वाढवून टाकलंत, तर यंत्रणा त्याला मोठा समजून सगळं दाखवते.

१६. माहिती फुटली किंवा पैसे गेले. पहिल्या तासात काय करू?

पैसे गेले असतील तर आधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन, त्याच वेळी दुसऱ्या फोनवरून बँकेला. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी गोठवता आले तरच परत मिळायची आशा जास्त, म्हणून इथं मिनिटं मोजा. व्यवहाराचा क्रमांक हाताशी ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर लेखी तक्रार नोंदवा आणि पोचक्रमांक जपा.

फक्त माहिती फुटली असेल तर ईमेलचा पासवर्ड सर्वांत आधी बदला, कारण बाकी सगळे पासवर्ड त्याच्यातूनच बदलता येतात. मग बँक आणि व्हॉट्सॲपला दुहेरी पडताळणी लावा. संचार साथी पोर्टलवर तुमच्या नावावर किती सिमकार्डं आहेत ते बघा, अनोळखी असेल ते तिथूनच कळवा.

१७. जुना नंबर बंद करतोय. काही धोका आहे का?

आहे, आणि तो सहसा कुणी लक्षात घेत नाही. बंद झालेला नंबर किमान ९० दिवसांनी दुसऱ्या कुणाला मिळू शकतो. तोवर तुमची बँक, आधार, गॅस, विमा, डिजीलॉकर त्याच नंबराला बांधलेले असतील तर ओटीपी त्या नव्या माणसाला जातील. त्याचा काही दोष नसतो, पण दार उघडं राहतं. नंबर बंद करण्याआधी या सगळ्या ठिकाणी नवा नंबर लावा, व्हॉट्सॲपमध्ये 'चेंज नंबर' करा, मागच्या सहा महिन्यांचे एसएमएस चाळून कोण कोण निरोप पाठवतं त्याची यादी काढा. घरातलं माणूस गेल्यावर त्याचं सिम लगेच बंद करण्याची घाई करू नका. वारसाची कागदपत्रं होईपर्यंत बँकेचे निरोप त्याच नंबरावर येतात, तेव्हा लहान रिचार्ज मारून तो चालू ठेवा.